सात घरांचा हिशेब

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपण म्हणतो. वरचेवर भाड्याची खोली बदलणाऱ्या कुटुंबाला, नोकऱ्या सोडत हिंडणाऱ्या पोराला हे वाक्य ऐकवलं जातं आणि त्यात कौतुक क्वचितच असतं. म्हणी आणि वाक्प्रचार गोळा करण्याचा मला वीसेक वर्षांचा नाद आहे. कुठली म्हण कोण कोणाला आणि कोणत्या प्रसंगी ऐकवतं, हे मी वह्यांमधून टिपत आले. ही सात घरांची गोष्ट पहिल्याच वहीत 'अस्थिरता' या मथळ्याखाली लिहून मी मोकळी झाले होते. म्हणीतलं जनावर खरोखर काय करतं, हे पाहायची गरज वाटली नव्हती. ती वाटली दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, आणि तीही उशिरा.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात आहे. मे महिन्यात शेजारच्या घरी मुंबईकर मंडळी आली होती. त्यांच्या माशांच्या काट्यांवर एक कबरी मांजर पोसली जात होती. मंडळी परत गेली, घराला कुलूप लागलं आणि ती मांजर कुंपण ओलांडून आमच्या पडवीत येऊन बसू लागली. आठवडाभरात ती आमची झाली, किंवा आम्ही तिचे झालो. पोट चांगलंच सुटलेलं होतं. "मुंबईकरांनी खाऊ घालून लठ्ठ केलीय," असं मी म्हणाले. सासूबाई पडवीत सोलं वाळत घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लठ्ठ कसली? गाभण आहे ती. थानं बघ तिची."

मी पाहिलं. पोटाखालची थानं गुलाबी आणि ठसठशीत झाली होती, भोवतालचे केस विरळ झाले होते. पुढे वाचनात आलं की हा बदल तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला दिसू लागतो, पोट मात्र पाचव्या आठवड्यानंतर नजरेत भरतं. मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५. म्हणजे पोट पाहून ओळखणाऱ्याला बातमी कळते तेव्हा निम्म्याहून अधिक काळ सरलेला असतो. "सांभाळायला घेतली आणि गाभण निघाली" हा अनुभव कितीतरी जणांकडून ऐकला, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात फसवणूक झाल्याचा सूर असतो. मांजरीच्या बाजूने पाहिलं तर यात काही नवल नाही. मांजरीचं बीज ठरावीक तारखेला सुटत नाही, बोक्याशी संग झाल्यावर सुटतं. त्यामुळे संग वाया जाण्याचा संभव कमी. थंड देशांत दिवस लहान झाले की तिचा माज थांबतो, आपल्याकडे दिवसाची लांबी फारशी बदलत नाही, म्हणून वर्षभर कधीही तिला दिवस जाऊ शकतात. उघड्यावर राहणारी, वयात आलेली, शस्त्रक्रिया न झालेली भाटी दारात आली, तर ती गाभण असेल असंच धरून चालावं.

ती भाटीच होती, हे तर मला तिच्या रंगावरूनच कळायला हवं होतं. पांढऱ्यावर काळे आणि तांबूस असे दोन्ही डाग असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं. तांबूस रंग ठरवणारी जागा एक्स गुणसूत्रावर असते. मादीकडे ती दोन गुणसूत्रं असतात आणि गर्भावस्थेतच तिच्या प्रत्येक पेशीत त्यांपैकी एक निजवलं जातं. कुठे एक निजतं, कुठे दुसरं, म्हणून अंगावर काळं-तांबडं ठिगळकाम होतं. एक एक्स असं निजतं हे मेरी लायन या ब्रिटिश संशोधिकेने १९६१ साली मांडलं, ते उंदरांच्या रंगावरून. तांबूस रंगामागचा नेमका बदल मात्र २०२५ साली जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांना सापडला. कुठल्याही गल्लीत दिसणाऱ्या मांजराचं कोडं सुटायला इतका काळ लागला, याची मला गंमत वाटते.

सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून 'गाभण' हा शब्द सोडला. गाय-म्हैस गाभण, बाई गरोदर किंवा पोटुशी, हा भेद आपली भाषा कसोशीने पाळते. पण पडवीत येऊन टेकलेल्या त्या मांजरीला त्या "दोन जीवांची" म्हणू लागल्या. आणि दोन जीवांची म्हटल्यावर खाणंपिणं आलं. आमच्या घरात मांजराचं खाणं म्हणजे दूध-पोळी. इथे मला पहिल्यांदा पुस्तकं उघडावी लागली.

मांजर हा शंभर टक्के मांसाहारी प्राणी आहे, हे वाक्य आपण ऐकतो पण त्याचा अर्थ लावत नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य कुत्रा आणि माणूस आपल्या शरीरात बऱ्यापैकी तयार करतात, मांजर पुरेसं करू शकत नाही. ते तिला मांस-मासळीतूनच मिळतं. टॉरिन कमी पडलं तर मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो हे १९७५ साली दिसून आलं, हृदय सैल पडतं हे १९८७ साली. जॉन स्टर्मन यांच्या प्रयोगांत टॉरिन न मिळालेल्या माद्यांचे गर्भ जिरले, काही पडले, आणि जी पिल्लं जन्मली ती अशक्त निघाली. जीवनसत्त्व अ देखील तिला गाजरातून करता येत नाही, तयारच मिळावं लागतं. म्हणजे शाकाहारी घरातली प्रेमाने दिलेली दूध-पोळी ही गाभण मांजरीची उपासमारच आहे. पूर्वी ती निभावून गेली कारण मांजर उंदीर मारून आपली तूट भरून काढत असे. पोटात चार पिल्लं घेऊन शिकार जमत नाही. शिवाय पुष्कळशा मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि त्यांचं पोट बिघडतं. आम्ही बांगड्याची शिजवलेली डोकी आणि अंडं सुरू केलं. सुकट आणायची म्हटल्यावर मात्र जनावरांच्या डॉक्टरांनी मिठासाठी हटकलं. सासूबाईंनी दुधाची वाटी काही बंद केली नाही.

याच सुमाराला पलीकडच्या आळीतली एक लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मांजर आहे म्हणून तिला आमच्याकडे फिरकू देत नव्हते. ही भीती टोक्सोप्लाझ्मा या जंतूची. ती खोटी नाही, पण तिचा पत्ता चुकलेला आहे. मांजर हा जंतू सहसा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर दोन-तीन आठवडे विष्ठेतून टाकते, आणि ती विष्ठा ताजी असताना बाधत नाही, निदान एक दिवस जावा लागतो. २००० साली युरोपातल्या अनेक शहरांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मांजराशी संपर्क हा धोका ठरला नाही, अर्धवट शिजवलेलं मांस हा सगळ्यात मोठा ठरला, त्याखालोखाल माती. गरोदर बाईने मांजराची घाण काढू नये, मातीत काम केल्यावर हात धुवावेत, एवढं पुरे. आपल्याकडे खरी काळजी घ्यायची ती रेबीजची. अनोळखी मांजर चावली किंवा तिने ओरबाडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लशीसाठी दवाखाना गाठावा, तिथे चालढकल नको.

मी माजघराच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा खोका मांडला, जुनं सुती लुगडं घातलं. तिने तो हुंगला आणि पाठ फिरवली. जूनच्या पहिल्या आठवड्यात पडवीच्या टोकाला, लाकडांच्या ढिगामागे पडलेल्या जुन्या हाऱ्यात ती व्यायली. चार पिल्लं. नाळ तिने तोडली, वार तिने खाल्ली, पिल्लं चाटून कोरडी केली. आम्ही लांबून पाहत होतो. करण्यासारखं काही नव्हतंच. कळा देऊन अर्धा तास उलटला आणि पिल्लू आलं नाही तरच माणसाने धावपळ करायची असते. दोन पिल्लांमध्ये तास-दीड तास गेला तरी ती शांत असेल तर हात लावायचा नाही.

पाचव्या दिवशी मी हात लावला.

पावसाचे शिंतोडे हाऱ्यापर्यंत येत होते आणि आतलं फडकं घाण झालं होतं. मांजर खायला उठली तेव्हा मी पिल्लं उचलून माजघरातल्या खोक्यात ठेवली. त्याआधी लुगडं साबणाने धुऊन वाळवलं होतं, खोक्याला फिनेलचं बोट फिरवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "आज पाचवी. आज कशाला हलवतेस?" मी हसले. मांजर आली, खोक्यात शिरली, पिल्लांना पाजलं. मला वाटलं, जमलं.

रात्री तिने पिल्लं हलवली. सकाळी खोक्यात एकच उरलं होतं, सगळ्यात बारकं. अंग गार पडलं होतं आणि ओरडून ओरडून आवाज बसला होता. अशक्त म्हणून तिने ते टाकलं, असा निष्कर्ष मी एका क्षणात काढला. ते पिल्लू मी माझ्या खोलीत नेलं, पाऊस होता म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या, दिव्याजवळ ठेवलं आणि ड्रॉपरने गाईचं दूध पाजलं. त्या दिवशी मांजर दोनदा माजघरात आली. खोका हुंगला, घरभर फिरली, मोठ्याने ओरडली. मी तिला मासळी घातली. तिने खाल्ली नाही. पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं.

त्यानंतर जे वाचलं ते आधी वाचायला हवं होतं. अमेरिकेत जे. रोझेनब्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर बारकाईने काम केलं. डोळे न उघडलेलं, कानही बंद असलेलं पिल्लू आपलं अंथरूण वासाने ओळखतं. त्या वासात ते गप्प राहतं, त्याबाहेर ठेवलं की ओरडतं आणि वासाच्या दिशेने सरपटतं. मेक्सिकोतल्या रॉबिन हडसन यांच्या गटाने पुढे दाखवलं की आईचं थानही ते वासावरूनच शोधतं, आणि जन्मानंतर थोड्याच दिवसांत प्रत्येक पिल्लाचं एखादं थान ठरून जातं. मी फिनेल आणि साबणाने जे पुसलं ती घाण नव्हती, ते त्या चौघांचं घर होतं. माणसाचा हात लागला की मांजर पिल्लाला टाकते असं आपण म्हणतो, ते खरं नाही. हात तिला चालतो. गोंगाट, उघडी जागा आणि अचानक बदललेला वास चालत नाही.

आणि तिने टाकलं नव्हतंच. मांजर एका वेळी एकच पिल्लू नेऊ शकते. चार पिल्लांना चार खेपा लागतात, मध्ये पाऊस कोसळतो, कुत्री भुंकतात, तिला थांबावं लागतं. चौथ्याच्या खेपेला ती आली तेव्हा पिल्लू बंद दाराआड होतं. त्याचा बसलेला आवाज तिच्यापर्यंत पोचला नसावा. एकटं सापडलेलं पिल्लू अनाथ असेलच असं नाही. ते धोक्याच्या जागी नसेल तर काही तास लांबून नजर ठेवावी. गार पडलं असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी, पण जागा हलवू नये. गार पिल्लाला दूध तर मुळीच पाजू नये, ते त्याला पचत नाही. आई खरोखरच परतली नाही तर जनावरांच्या डॉक्टरांकडून मांजरीच्या पिल्लांसाठीचं दूध आणावं. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा दुपटीहून जास्त प्रथिनं असतात. मी पाजलं ते पोट भरणारं पाणी होतं.

सासूबाईंना पाचवी आठवली, त्यामागचा धागा मला नंतर दिसला. आपली सटवाई म्हणजे षष्ठी. बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येणारी. बंगालमध्ये हीच षष्ठी मांजरावर बसते. तिथल्या व्रतकथेत धाकटी सून चोरून खाते आणि आळ घरातल्या मांजरीवर घालते. मग तिला मूल झालं की मांजर ते उचलून देवीकडे नेऊन ठेवते, एकामागून एक. सून चूक कबूल करते तेव्हा सगळी मुलं परत मिळतात. मुलाला तोंडात धरून जागा बदलणारं जनावर बालकांच्या देवीचं वाहन व्हावं, यात कुणाचं तरी नीट निरीक्षण आहे.

दक्षिणेत त्याच निरीक्षणातून तत्त्वज्ञानाचा वाद उभा राहिला. श्रीवैष्णवांच्या वडगलै शाखेचा मर्कटन्याय: माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, तसा भक्ताने देवाला धरण्याचा प्रयत्न करायला हवा. तेंगलै शाखेचा मार्जारन्याय: मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आई मानगूट धरून नेते, तशी कृपा आपणहून येते. मानगूट धरताच पिल्लू पाय आखडून, शेपटी आत घेऊन निश्चल होतं, हे खरंच आहे. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या कुमी कुरोदा यांच्या गटाने २०१३ साली दाखवलं की आईने उचलून चालायला सुरुवात केली की उंदराचं पिल्लू आणि माणसाचं तान्हं बाळ, दोघांचीही हालचाल थांबते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. मग मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, हे मला आता पूर्ण पटत नाही. ते ओरडतं. त्या ओरडण्यावरच आई येते. 'मांजरीचे दात पिल्लाला लागत नाहीत' ही आपली म्हण मला या न्यायापेक्षा जास्त जवळची वाटते. त्यात धरणाऱ्याच्या कसबाचा मान आहे.

मग ही सात घरं कशासाठी? जागा ओली झाली, पिसवा झाल्या, माणसांची वर्दळ वाढली, पिल्लं मोठी होऊन जागा अपुरी पडली, अशी साधी कारणं असतात. बोका पिल्लं मारतो म्हणून मांजर जागा बदलते, असं आपल्याकडे बायका सांगतात. ऑक्सफर्डचे डेव्हिड मॅक्डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली शेतावरच्या मांजरांबद्दल लिहिलं, त्यात बोक्याने पिल्लं मारल्याची नोंद आहे, आणि नात्यातल्या माद्या एकमेकींची पिल्लं पाजतात हेही आहे. एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, त्यामुळे कुठल्या बोक्यापासून किती धोका हे तिलाही ठाऊक नसणार. ती जागा बदलते. 'अस्थिरता' हा माझा मथळा खोडून मी तिथे काय लिहावं ते अजून ठरलेलं नाही.

आमच्या मांजरीची घरं मी मोजली. लाकडांमागचा हारा, मग गोठ्याच्या माळ्यावरचा पेंढा, मग मुंबईकरांची बंद पडवी, आणि पिल्लं धावू लागल्यावर पुन्हा आमचं मागचं दार. चार झाली. माझा खोका मी मोजत नाही.

बंद पडवीत असताना मी रोज जाऊन थोडा वेळ नुसती बसत असे. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात दाखवलं होतं की पिल्लू माणसाला सरावण्याचा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा असतो. तो हुकला तर पुढे ते माणसाला बिचकतंच. तिन्ही पिल्लं सरावली. आठ आठवडे आईजवळ ठेवून दोन गावातच दिली. पिल्लं पोत्यात घालून मासळीबाजारात सोडून येणं हा आपल्याकडचा सर्रास उपाय आहे आणि तो करणाऱ्याला आपण गुन्हा करतोय असं वाटत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हाच आहे. मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते म्हणणारे लोक बाजारात सोडायला मात्र कचरत नाहीत.

पाजती मांजर पुन्हा माजावर येऊ शकते, यासाठी फार दिवस थांबता येत नाही. पिल्लं दुधावरून सुटल्यावर आम्ही तिची शस्त्रक्रिया करून घेतली. डॉक्टर म्हणाले, मे महिन्यात आणली असती तर पोटात पिल्लं असतानाही करता आली असती, पुष्कळ ठिकाणी करतात. मी तेव्हा काय ठरवलं असतं, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं. मुंबई-पुण्यात, जिथे महापालिकांनाच मांजरांच्या नसबंदीचे कार्यक्रम हाती घ्यावे लागले, तिथे मी हो म्हटलं असतं. गल्लीत जन्मणाऱ्या पिल्लांतली किती वर्षभर जगतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे काही नाही. आमच्या पडवीत, थानं गुलाबी झालेली ती मांजर पाहून मी नाही म्हटलं असतं. ही विसंगती आहे, आणि ती मला सोडवता आलेली नाही.

मांजर आता त्याच हाऱ्यात झोपते. हारा आम्ही हलवलेला नाही, आतलं फडकंही ती बाहेर गेल्यावर निम्मंच बदलतो, निम्मं जुनं ठेवतो. सासूबाई सकाळी मासळीशेजारी दूध-पोळी ठेवतात. ती मासळी खाते, वरवर दूध चाटते, पोळी कावळे नेतात.